साळवेबाईंची बुटकी जास्वंद

परवा नातसुनेबरोबर रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत गेले होते. तिला बाल्कनीत ठेवायला झाड हवं होतं. एका रांगेत जास्वंदी मांडून ठेवल्या होत्या. झाड वीतभर आणि फुलं बशीएवढी. नातसुनेनं विचारलं, "किती मोठं होतं हे?" तिथला माणूस म्हणाला, "एवढंच राहतं, मॅडम. कॉम्पॅक्ट व्हरायटी आहे." मी वाकून दोन पानांमधलं अंतर बघायला लागले. तो म्हणाला, "आजी, काय शोधताय?"

"तुझं खोटं," मी म्हटलं.

नातसुनेनं तरीही ते झाड घेतलं. घेऊ दे. वर्षाने कळेल.

ही पानं बघायची खोड मला साळवेबाईंनी लावली. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर कोणी काही लिहिलेलं नाही, आणि मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला लिहायची सवय नाही. पण जे पाहिलं ते सांगता येतं.

हिंजवडीच्या रस्त्याला आमचं वावर होतं. ज्वारी व्हायची, पाणी असेल त्या साली ऊस. कंपन्या आल्या, जमिनीचे भाव चढले, आणि सगळ्यांनी दिली तशी आम्हीही जमीन बिल्डरला दिली. बदल्यात पैसे मिळाले आणि त्याच वावरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट मिळाले. मी माझ्याच शेतात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. लोकांना वाटतं मला त्याचं फार दुःख झालं असेल. झालं नाही. एकदा ज्वारी काढून बघा, मग बोला.

इमारतीत सगळे कंपनीतले. सकाळी कंपन्यांच्या बस यायच्या, पोरंपोरी गळ्यात पट्टे अडकवून पळायची, आणि दिवसभर इमारतीत म्हातारी माणसं तेवढी उरायची. अशात आमच्या समोरच्या दारात साळवेबाई राहायला आल्या. शेतकी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी फुलझाडांवर गेलेली. नवरा वारलेला, मुलगी बंगळुरात. घरात बुद्धाची एक मूर्ती, दोन खुर्च्या, पुस्तकं, आणि बाकी सगळ्या कुंड्या. सामान चढवणारा माणूस शेवटी म्हणाला, "बाई, घर आणलंय का शेत?" बाई म्हणाल्या, "चढव. बोलण्याचे वेगळे देणार नाही."

अंगाने अगदी लहानखुऱ्या. माझ्या खांद्याला लागायच्या, आणि मी काही उंच नाही. लिफ्टमध्ये वरच्या मजल्याचं बटण दाबायला छत्री वापरायच्या. छत्री बारा महिने हातात. लोखंडी टोकाची, जुनी. पाऊस आला तर उघडतीलच असं नाही, पण माती दिसली की तिच्यात टोक खुपसणारच.

पहिल्या दिवशी माझ्या दारात आल्या त्या छत्री घेऊनच. नाव सांगितलं नाही, विचारलंही नाही.

"इथं पूर्वी काय होतं?"

"आमची ज्वारी."

"माती कशी होती?"

"काळी. आता वर सगळा राडारोडा हाय."

"सगळीकडे?"

मी विचार केला. मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीशी, आमचा उकिरडा होता. सासूच्या सासूपासून शेण, राख, उष्टं-खरकटं तिथं पडत आलेलं. बिल्डरच्या माणसांनी तेवढा तुकडा तसाच सोडला होता. मी बाईंना तिथं घेऊन गेले. त्यांनी छत्रीचं टोक मातीत खुपसलं. छत्री निम्मी आत गेली. बाईंचा चेहरा असा झाला, जणू कोणी गरम पुरणपोळी पानात वाढली.

"शेवंताबाई, हे कोणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी दारावरच्या पाटीवर वाचलं असणार.

बाई फार बोलायच्या नाहीत. बोलल्या तर समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलायच्या नाहीत. बिनदुधाचा चहा प्यायच्या आणि माझ्या चहाला खीर म्हणायच्या. कोणाच्या घरी गेल्या की बसायच्या आधी विचारायच्या, "तुमच्याकडे ऊन कुठल्या बाजूने येतं?" झाडाच्या प्रकाराला त्या जात म्हणायच्या नाहीत, वाण म्हणायच्या. मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. बुद्धपौर्णिमेला सगळ्या मजल्यावर खीर वाटायच्या. एका घरातून वाटी न उघडता परत आली. बाईंनी दारातच उभ्या राहून ती खाल्ली. "चांगली झालीय," म्हणाल्या, आणि वाटी विसळायला आत गेल्या.

आमच्याकडे जेवायला बसल्या की पहिला घास घेण्याआधी विचारायच्या, "पोरींचं झालं का?" आमच्या घरात दोन नाती. त्यांचं झालं असेल तरच बाई जेवायच्या. एकदा मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"बाई, तुमचे भाऊ आले होते मागं. ते चांगले उंचपुरे. तुम्ही एवढ्याशा कशा?"

कोणी दुसरी असती तर रागावली असती. बाईंनी भाकरी मोडली. "आई आधी भावांना वाढायची. मग वडिलांना. मग उरलं तर मला. शाळेसाठी मी हट्ट केला, तो चालला. जेवणावर हट्ट चालत नव्हता, कारण टोपल्यात भाकरीच नसायची."

"म्हणजे पोटाला मिळालं न्हाय म्हणून."

"तसंच असेल असं नाही. आजी माझी बुटकीच होती. वाणच तसा असेल." घास घेऊन म्हणाल्या, "ते आता कळायचं नाही. कळायची वेळ गेली."

मग मला म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी आहे." विषय संपला.

जास्वंदीचं प्रकरण पहिल्यांदा झालं ते महिला दिनाला. सोसायटीच्या कमिटीने ठरवलं, प्रत्येक घरी एक फुलझाड द्यायचं. निखिल म्हणून सेक्रेटरी होता. कंपनीत नोकरी, वय तिशीच्या आत, सगळ्यांना मदत करायचा, पण बोलायला लागला की निम्मं मला कळायचं नाही. त्याने टेम्पोभर जास्वंदी आणल्या. वीतभर, गच्च फुललेल्या. सगळ्या बायका खूश. बाईंनी एक कुंडी उचलून डोळ्याजवळ नेली आणि खाली ठेवली.

"निखिल, याला औषध पाजलंय."

"म्हणजे, मॅडम? पेस्टिसाइड?"

"नाही. वाढ थोपवायचं औषध. रोपवाटिकेत देतात. पेर म्हणजे दोन पानांमधला दांडा, तो लांबत नाही, पानं जवळजवळ येतात, झाड गुटगुटीत दिसतं. वर्षभरात त्याचा अंमल उतरेल. मग झाड आपल्या मूळच्या उंचीला जाईल."

"पण तो गॅरंटी देत होता, की एवढंच राहणार."

"तो दुकानात किती दिवस राहील याची देत असेल."

निखिल हसला आणि कुंड्या वाटल्या. पुढल्या पावसाळ्यात घरोघरी जास्वंदींना काठ्या फुटल्या. लांबच लांब, उघड्यावाघड्या, वर चार पानं. दोरीवरच्या कपड्यांत घुसायला लागल्या. बायका म्हणाल्या, झाड बिघडलं. निखिल म्हणाला, "मॅडम, डिफेक्टिव्ह पीस दिले त्याने." बाई म्हणाल्या, "झाडं बरोबर आहेत. शुद्धीवर आलीत."

लोकांनी ती झाडं कचऱ्याच्या डब्याशी नेऊन ठेवली. बाई आणि मी ती गोळा करत होतो तेव्हा त्यांनी मला सगळं समजावलं. जास्वंद किती मोठी होणार हे पहिलं तिच्या वाणावर. कितीही खतपाणी घाला, मुळात बुटका वाण दाराएवढा होत नाही. मग मुळांना जागा किती. कुंडीत मुळं कोंडली की झाड वर जायचा नाद सोडतं. मग ऊन. सावलीत झाड उजेडासाठी मान लांब करतं, उन्हात आटोपशीर राहतं. मग कात्री. शेंडा मोडला की झाड वर जायच्या ऐवजी बाजूला फुटतं. आणि आता हे औषध.

"मग एखादं झाड खरंच बुटकं हाय का बुटकं केलंय, हे कळायचं कसं?" मी विचारलं.

"चांगल्या मातीत लावायचं. उन्हात. औषध नाही, कात्री नाही. आणि गप्प बसायचं. बहुतेकांना शेवटचं जमत नाही."

पुढे त्या जे करणार होत्या ते एवढंच होतं. त्यांच्याकडे कुंडीत एक जास्वंद होती. त्यांनी स्वतः बी धरून केलेली. एका फुलाचा पराग दुसऱ्याला कुंचल्याने लावायचा, बोंड धरलं तर जपायचं, बी पेरायचं, आणि उगवलेल्या पन्नास रोपांतली एकोणपन्नास कोणाला तरी देऊन टाकायची. हा उद्योग त्यांनी नोकरीभर घरच्या गच्चीत केला. त्यातलं हे एक उरलेलं. साधी लाल, पाच पाकळ्यांची. पण झाड गुडघ्याएवढं आणि फूल खालपासून वरपर्यंत. बाईंचं म्हणणं होतं, हा खरा बुटका वाण आहे. कुंडीमुळे नाही, मुळातच. पण कुंडीत आहे तोवर तसं म्हणता येत नव्हतं.

म्हणून त्यांनी ते आमच्या उकिरड्याच्या जागी लावलं. दिवसभर ऊन, खाली काळं सोनं. "इथं जर गुडघ्याएवढं राहिलं," त्या म्हणाल्या, "तर मग कोणाला बोलायला जागा नाही." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, झाडाकडे बघत होत्या.

पण तेव्हा इमारतीत गाड्या वाढायला लागल्या होत्या. आधी घरटी एक स्कूटर होती, मग गाडी आली, मग नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी. सभेत ठराव आला की मागच्या भिंतीलगत फरशी घालून पार्किंग करायचं. बाई उठल्या. उठल्या तरी बसलेल्यांएवढ्याच दिसत होत्या.

"माझं झाड तिथं आहे."

निखिल म्हणाला, "मॅडम, ते कुंडीत शिफ्ट करू ना. लहानच आहे की."

"कुंडीत नेलं तर काय उपयोग? ते जमिनीतच पाहिजे. आणि तुम्हीच म्हणता, लहान आहे. गाडीच्या बंपरखाली येतं. दोन गाड्यांच्या मध्ये राहील, कोणाची जागा खाणार नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "आणि वाढलं तर?"

"गुडघ्याच्या वर गेलं तर मी स्वतः उपटीन."

"कोणाच्या गुडघ्याच्या?" आपटेकाकांनी विचारलं. सगळे हसले. आपटेकाका सदाशिव पेठेतलं घर सोडून मुलाकडे राहायला आलेले. हिंजवडीला येऊन पडल्याचा राग ते सगळ्यांवर काढायचे. बाई म्हणाल्या, "तुमच्या. म्हणजे तुम्हाला वाकून मोजावं लागेल. व्यायाम होईल." काका खूश झाले. त्यांना पेठ सोडल्यापासून तोडीस तोड उत्तर मिळालं नव्हतं.

भिंतीलगत फरशी झाली. झाडाभोवती चौकोनी खिडकीएवढी माती सोडली. आणि झाड राहिलं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. गुडघ्याच्या वर गेलं नाही. फांद्या आडव्या फुटल्या, झाड घागरीसारखं गोल झालं, फुलांनी भरलं. बाई रोज सकाळी जाऊन उभ्या राहायच्या. वाकता यायचं नाही, गुडघे गेलेले, आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. छत्रीच्या टोकाने पान वर करून बघायच्या. एकदाच म्हणाल्या, "पेरं जरा लांब वाटतात, नाही?" मी म्हटलं, "मला काय कळतंय." त्यांनी छत्री मागे घेतली आणि पुन्हा ते बोलल्या नाहीत.

मी त्यांना एवढं खूश पूर्वी पाहिलं नव्हतं. एक दिवस माझ्या चहाला खीर म्हटलं नाही. एक रोपवाटिकेवाला त्यांच्या जुन्या ओळखीचा. तो येऊन झाड बघून गेला. म्हणाला, पावसाळा लागला की फांद्या नेतो, कलमं करतो, आणि तुम्ही द्याल ते नाव देतो. बाईंनी नाव ठरवलं होतं. मला सांगितलं नाही. मुलीला फोनवर मोठ्याने सांगत होत्या, "अगं, औषधाशिवाय! उकिरड्यावर!" आमच्या घरात ऐकू येत होतं.

त्या उन्हाळ्यात मुलगी आली आणि मोतीबिंदू काढून घेतला. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाई मला म्हणाल्या, "चला, झाड बघू." मी त्यांना धरून फरशीवर बसवलं. गुडघे कुरकुरले. बाईंनी काळा चष्मा काढला आणि झाडाच्या फांद्या हातात घेतल्या. एकेक फांदी टोकापर्यंत बघत गेल्या. बघता बघता त्यांचा हात मंदावला. मग त्यांनी एका टोकावर अंगठा ठेवला.

"शेवंताबाई, हे खुडलंय."

मी बघितलं. टोकाला नखाची जुनी खूण होती, वाळलेली. शेजारच्या फांदीलाही. तिच्या शेजारच्या फांदीलाही.

"आपटेकाका," मी म्हटलं.

सगळ्या इमारतीला माहीत होतं. संध्याकाळी फिरून येताना काका जास्वंदीच्या कळ्या नेतात. रात्री पाण्यात ठेवल्या की सकाळी गणपतीपुढे उमलतात. पुण्यात कितीतरी म्हातारे असंच करतात. पहाटे आकड्याची काठी घेऊन लोकांच्या कुंपणावरची फुलं ओढतात आणि त्याला कोणी चोरी म्हणत नाही. फुलं तर जाणारच. त्यात शेंडा जातो, हे कोणाच्या मनात येणार?

काका नेमके समोरून आले. हातात पिशवी. बाई खाली बसल्या होत्या तशाच म्हणाल्या,

"आपटे, तुम्ही या झाडाच्या कळ्या नेता?"

"नेतो. उघड नेतो. पिशवीसुद्धा पारदर्शक आहे."

"नुसती कळी नेता की शेंड्यासकट?"

"शेंड्यासकट. चांगला बोटभर देठ असला तर कळी तग धरते, नाहीतर सकाळी मान टाकते. शेतकी खात्यात हे शिकवत नाहीत वाटतं?"

"रोज?"

"गणपती रोज असतो, बाई."

बाई हसायला लागल्या. मला वाटलं रडतायत, म्हणून मी खांद्यावर हात ठेवला. पण त्या हसतच होत्या. काका गोंधळले. त्यांना टोमण्याची सवय होती, हसण्याची नव्हती. मी त्यांना सांगितलं काय झालं ते. शेंडा मोडला की झाड वर जात नाही. म्हणजे झाड बुटकं आहे म्हणून बुटकं राहिलं का तुमच्या नखामुळं, ते आता कोणालाच ठाऊक नाही.

काका हळूच शेजारच्या गाडीला टेकले. "मला माहीत नव्हतं हो. फुलावर एवढं काही चाललंय हे... सांगायचं तरी."

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "पेरं मला दिसत होती. खऱ्या बुटक्या वाणाची पेरं एवढी लांब नसतात. डोळ्यांचं निमित्त झालं. मला बघायचंच नव्हतं."

मग काका म्हणाले, "एक बोलू? तुम्ही सभेत शब्द दिलाय. झाड गुडघ्यावर गेलं तर उपटायचं. मग मी खुडतो तसं खुडू द्या की. झाडही राहील, तुमचा शब्दही राहील. माझ्या गणपतीची सोयही. कोणाला सांगायचं कारण नाही."

मला ते पटलं. मीही म्हटलं, "बरोबर बोलतायत काका. कुणाला कळतंय?"

बाईंनी चष्मा परत लावला. "आता मला कळलंय. ते न कळल्यासारखं करता यायचं नाही. आपटे, फूल न्या. शेंड्याला हात लावू नका."

"आणि वाढलं तर?"

"वाढलं तर वाढलं. त्याचं काय आहे ते एकदा बघू तरी द्या."

घरी जाऊन त्यांनी रोपवाटिकेवाल्याला फोन करून झालं ते सांगितलं. मी तिथंच होते. त्याचा आवाज बाहेर येत होता. "मॅडम, कुंडीत दिसतं ना बुटकं? गिऱ्हाईक तेवढंच बघतं. बाकीच्याला औषध आहे की." बाईंनी फोन ठेवला. निरोप घेतला नाही.

पाऊस लागला. आधी काही झालं नाही. बाई रोज जायच्या, छत्रीला खूण करून झाडाशेजारी उभी धरायच्या. मग पाऊस धरला आणि झाडाने मधूनच एक सरळ काठी वर काढली. मग दुसरी. त्या उकिरड्यात किती पिढ्यांचं शेण होतं ते तेव्हा कळलं. गुडघा गेला, कंबर गेली. दिवाळीपर्यंत छत्री पुरेनाशी झाली. काका रोज येऊन बघायचे आणि तोंड बारीक करून, फक्त फुलाची मान मोडून घेऊन जायचे. म्हणाले, "बाई, माझा गणपती सध्या कोमेजलेल्या फुलांवर भागवतोय." बाई म्हणाल्या, "त्याला सवय होईल."

मला वाटत होतं त्या खचतील. एवढ्या वर्षांची खटपट फुकट गेलेली. पण त्या झाडासमोर उभ्या राहायच्या तेव्हा खचलेल्या दिसत नव्हत्या. मान वर करून बघायच्या. ते झाड जास्त वाढलं की त्या जास्त वेळ उभ्या राहायच्या.

सभेतल्या शब्दाची आठवण करून द्यायची कोणाची हिंमत नव्हती. बाईच निखिलकडे गेल्या. मला बरोबर नेलं.

"झाड गुडघ्याच्या वर गेलं. काढते."

निखिल ओशाळला. "मॅडम, इट्स ओके. राहू दे ना. मी बोलतो सगळ्यांशी."

"तुम्ही बोलाल. पण दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे आरसे त्याच्यात अडकतात. आणि मी सभेत बोलले होते."

"पण उपटायचं म्हणजे..."

मग मीच म्हटलं, "उपटून टाकायचं कशाला? रस्त्यापलीकडं आमचा तुकडा उरलाय, पत्र्याच्या शेडशेजारी. तिथं लावू. तिथं कुणाची गाडी न्हाय." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "माती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "काळी." त्यांनी मान हलवली.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते. बाई दुसऱ्या वर्षी मुलीकडे बंगळुरात गेल्या आणि तिथंच वारल्या. झाड जगलं. आता शेडच्या पत्र्याला लागतं. आपटेकाका जिवंत होते तोवर आठवड्यातून एकदा रिक्षाने यायचे आणि कळ्या न्यायचे. रिक्षा थांबवून ठेवायचे आणि मला म्हणायचे, गणपतीला फूल परवडत नाही हल्ली.

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो झाड काढायचा दिवस. रविवार होता. माझा मुलगा टेम्पो घेऊन आला. काका होते, निखिल अर्ध्या चड्डीत कुदळ घेऊन उभा होता. कुदळ कशी धरायची ते त्याला मी दाखवलं. बाई म्हणाल्या, एवढं मोठं झाड असंच हलवलं तर जगणार नाही, आधी छाटायला हवं. मुलाने मोठी कात्री काढली. "थांबा," बाई म्हणाल्या.

त्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. टाचा जमिनीला, मान सरळ. शाळेत उंची मोजताना मुली उभ्या राहतात तशा.

"शेवंताबाई, किती वर गेलंय?"

"हातभर."

"नीट बघा. वीतभर की हातभर?"

मी हात लावून बघितला. त्यांच्या डोक्यावर माझं कोपर टेकलं, बोटं शेंड्याला लागली. "पुरा हातभर."

"अजून गेलं असतं," त्या म्हणाल्या. मग बाजूला झाल्या आणि कात्रीसाठी हात पुढे केला. "आता छाटायला हरकत नाही."

पहिली फांदी त्यांनीच कापली. काकांनी पिशवी उघडली. "शेंड्यासकट नेऊ का आज?"

"न्या. सगळे न्या."

मुळांभोवती मातीचा गोळा ठेवून आम्ही झाड काढलं, पोत्यात बांधलं, टेम्पोत चढवलं. मुलगा म्हणाला, मावशी पुढं बसा. बाई ऐकेनात. रस्त्यात खड्डे आहेत, गोळा फुटेल, कोणीतरी धरायला हवं. निखिलने त्यांना उचलून मागे बसवलं. टेम्पो फाटकातून बाहेर पडला तेव्हा मी मागे उभी होते. फळ्यांच्या वरून फक्त बाईंचं पांढरं डोकं दिसत होतं, आणि त्याच्या शेजारी छाटलेल्या झाडाचे खुंट, तेवढेच.